आकडा मुलाला सांगायचा की नाही?

त्या गुरुवारी कट्ट्यावर अण्णाने पेढे आणले होते आणि बाळ्याने कागद. पुढचे दोन तास जो वाद झाला, तो या दोन वस्तूंमधूनच निघाला.

आमचा कट्टा परळला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या भिंतीला लागून आहे. केईएम आणि टाटा रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे रात्री समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांत निवासी डॉक्टर असतात आणि पदपथावर पथारी पसरलेले रुग्णांचे नातेवाईकही असतात. आमच्या चाळींतल्या बहुतेक आईबापांनी त्या डॉक्टरांकडे पाहून एकदा तरी आपल्या पोराला मनातल्या मनात पांढरा कोट चढवलेला आहे.

अण्णाच्या मुलीला पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती. अण्णा आणि वहिनी पोळीभाजी केंद्र चालवतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि मुलगी इतर मागासवर्गातली आहे. त्यामुळे जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार तिचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होणार होते. घरापासून महाविद्यालय पायी जाण्याइतके जवळ, म्हणजे वसतिगृहाचाही खर्च नाही. अण्णा पेढा हातावर ठेवताना बाळ्याची नजर चुकवत होता, हे मला दिसत होते.

बाळ्याच्या मुलाने एक वर्ष घरी बसून वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा दुसऱ्यांदा दिली होती, आणि तरीही त्याच्या गुणांत सरकारी जागा बसत नव्हती. खासगी महाविद्यालय मिळण्यासारखे होते. बाळ्या पालिकेत हेड क्लार्क आहे आणि त्याचे उत्पन्न आठ लाखांच्या रेषेच्या वर आहे. शुल्कात निम्मी सवलत देणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना असो, की २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतली दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरची तीन टक्के व्याजसवलत असो, दोन्हींकडे दाराशी तीच आठ लाखांची रेषा आखलेली आहे. गरीब म्हणायला जास्त आणि श्रीमंत म्हणायला फारच कमी अशा पगाराच्या माणसाची जी अवस्था होते, ती बाळ्याची झाली होती.

त्याच्या कागदावर हिशेब असा होता : वर्षाला बारा लाखांप्रमाणे साडेचार वर्षांचे शुल्क ५४ लाख, वसतिगृह, मेस, पुस्तके आणि किरकोळ खर्च मिळून ११ लाख, एकूण ६५ लाख. त्यातले २५ लाख भविष्यनिर्वाह निधीतून आणि मुदतठेवी मोडून उभे करायचे आणि उरलेल्या ४० लाखांसाठी राहते घर गहाण ठेवून कर्ज काढायचे, असे त्याने मनाशी ठरवलेले होते. आमच्याकडे तो सल्ला मागायला आला नव्हता. त्याला आमचा होकार हवा होता.

आमच्यातला एक जण बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाला आहे आणि त्याला सगळे मॅनेजरच म्हणतात. त्याने तो कागद टपरीच्या दिव्याखाली धरला, खिशातले पेन काढले आणि म्हणाला, "बाळ्या, तू लिहिलेस ते खर्चाचे झाले. फेडायचे किती, ते यात कुठेच नाही."

मग त्याने बेरीज मांडायला घेतली. वर्षाला आठ लाख याप्रमाणे पाच वेळा उचल झाली आणि व्याज दहा टक्के धरले, तर शिक्षणाची साडेपाच वर्षे आणि त्यानंतर हप्ता सुरू होण्याआधी मिळणारे एक वर्ष या काळात नुसत्या सरळ व्याजाने १८ लाख साचतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज ४० लाखांचे राहिलेले नसते, ते ५८ लाखांचे झालेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण साडेशहात्तर हजार, आणि एकूण परतफेड ९२ लाखांच्या आसपास. व्याजावर आयकरात आठ वर्षे वजावट मिळते खरी, पण ती जुन्या करप्रणालीतच. कर्ज मुलाच्या नावावर असले तरी सहकर्जदार म्हणून सही बापाची असते आणि साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका एरवी तारण मागतातच, हेही त्याने सांगून टाकले.

मला त्या रकमेपेक्षा तिच्या वेळापत्रकाची जास्त धास्ती वाटली. बाळ्या आज ५३ वर्षांचा आहे आणि पालिकेत ५८ व्या वर्षी निवृत्ती असते; म्हणजे मुलगा इंटर्नशिपमध्ये असताना बाप निवृत्त होणार. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांत इंटर्नचे विद्यावेतन ११,००० वरून १८,००० झाले याचा मध्यंतरी बराच गाजावाजा झाला होता. पण साडेशहात्तर हजारांच्या हप्त्यासमोर १८,००० काय आणि ११,००० काय! त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशाची नीट. नुसत्या एमबीबीएसवर आज मुंबईत दवाखाना टाकणारा विरळाच, त्यामुळे बहुतेक मुले ती एक वर्ष, दोन वर्षे घरी बसून देतात, आणि हप्ता नेमका त्याच कमाईशून्य वर्षात येऊन उभा राहतो. पुढे शिकत असल्याचे दाखवले तर बँक मुदत वाढवू शकते, पण वाढलेल्या मुदतीचे व्याज कोणी माफ करत नाही, असे मॅनेजर म्हणाला. जागा मिळालीच तर आणखी तीन वर्षे. शेजारच्या इमारतीतली बाळ्याच्या मुलाच्या वयाची अभियंता मुले तोवर चार नोकऱ्या बदलून झालेली असतात.

बाळ्या चिडला. त्याचे वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत होते. जानेवारी १९८२ चा संप झाला तेव्हा बाळ्या दहा वर्षांचा होता, आणि पुढे बारावीला विज्ञान घ्यायची इच्छा असताना त्याला वाणिज्य शाखेत जावे लागले, कारण सकाळचे कॉलेज करून दुपारी नोकरी करता येत होती. "माझ्या बापाकडे पैसे नव्हते म्हणून मी कारकून झालो. माझ्याकडे घर असताना मी पोराला काय म्हणून नाही म्हणू?" असे त्याने विचारले, तेव्हा क्षणभर कोणालाच काही सुचले नाही.

नाही म्हणायला अण्णाने एक बारीक खडा टाकला. ज्या घरावर कर्ज काढायचे ते गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेले २२५ चौरस फुटांचे घर बाळ्याच्या आईच्या नावावर आहे आणि बाळ्याला चिपळूणला दिलेली एक बहीणही आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दहावीत असलेली त्याची मुलगी या कागदावर कुठेच नव्हती. "तिने उद्या काही मागितले तर?" या प्रश्नावर बाळ्या "तिचे तेव्हा बघू" असे म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज आधीपेक्षा खाली आलेला होता. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत खरा मुद्दा हाच होता, पण आम्ही त्यावर पुरेसे थांबलो नाही.

आम्ही थांबलो नाही, कारण मास्तरांनी तोंड उघडले. पालिकेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवलेल्या माणसाला मध्येच तोडायची आमची अजून हिंमत नाही. मास्तरांचे म्हणणे असे होते की, पोराच्या शिक्षणावरचा खर्च हा हिशेबाचा विषयच नव्हे. कर्ज काढायचे की नाही हे बाळ्याने आणि वहिनींनी ठरवावे, पण एकदा ठरले की त्याचा आकडा मुलाच्या कानावर कधीही जाऊ देऊ नये; कारण ज्याच्या डोक्यावर ९२ लाख आहेत त्याला शरीररचनाशास्त्र पाठ होत नाही. रखमाबाई इंग्लंडला वैद्यक शिकायला गेल्या तेव्हा कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांच्या पुढाकाराने वर्गणी उभी राहिली होती आणि १८९४ साली त्या डॉक्टर होऊन परतल्या. देणाऱ्यांनी परताव्याचा विचार केला नव्हता, म्हणून त्या निर्धास्तपणे शिकू शकल्या, असा दाखलाही त्यांनी दिला. "वर्गणीला हप्ता नसतो, मास्तर," एवढेच मॅनेजर पुटपुटला.

अण्णाला वेगळीच भीती होती. ज्या डॉक्टरला आपल्या शिक्षणाचा आकडा तोंडपाठ आहे तो रुग्णाकडे पाहताना आधी तो आकडा पाहील आणि नको त्या तपासण्या लिहून देईल, तेव्हा न सांगितलेलेच बरे, असे तो म्हणाला.

सव्वादहाच्या सुमारास डॉक्टर आला. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. वडील परळ नाक्यावर काळीपिवळी टॅक्सी चालवायचे. तो सरकारी जागेवर शिकला आणि सध्या मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाचा निवासी आहे. चहा हातात येईपर्यंत त्याने सगळे ऐकून घेतले. त्याने बाजू घेतली ती मास्तरांच्या विरुद्ध, आणि "तुम्ही रागावणार नसाल तर बोलतो, सर" असे म्हणून त्याने जे सांगितले ते मला जसेच्या तसे आठवते.

"माझे शुल्क वर्षाला लाखाच्या आसपास होते. इथल्या आकड्यांपुढे ते काहीच नाही, पण टॅक्सीवाल्याच्या घरात ते फार होते. मला घरी कधीच काही सांगितले गेले नाही. मी विचारले की बाबा म्हणायचे, तू अभ्यास कर. तिसऱ्या वर्षात नेत्रविभागात पोस्टिंग लागली आणि मी रोज वीस-वीस मोतीबिंदू पाहायला लागलो. एके रात्री बाबा जेवताना ताटातला मिठाचा ढीग चाचपून शोधत होते. मी टॉर्च आणून डोळा पाहिला, तर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला. दीड वर्षापासून त्यांनी रात्रीची टॅक्सी बंद केली होती आणि आईलाही सांगितले नव्हते. पालिकेच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला फारसा खर्च आला नसता. पण नंतर काही आठवडे गाडी चालवता येणार नाही, म्हणजे कमाई नाही, आणि माझे शुल्क भरायची तारीख तोंडावर होती. त्याच वर्षी मी परीक्षेच्या तयारीच्या ॲपची वर्गणी भरली होती. ती मी खोलीतल्या दुसऱ्या मुलाबरोबर निम्मी वाटून घेऊ शकलो असतो. बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठी लागणारा हाडांचा संच, सिनियरकडून जुना घेता आला असता, मी नवा घेतला. मला कोणी सांगितलेच नव्हते, सर."

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "तुला सांगितले असते तर तू शिक्षण सोडले असतेस का?"

"सोडले नसते. अकरावीच्या मुलांच्या जीवशास्त्राच्या शिकवण्या मी नंतर दोन वर्षे घेतल्या, त्या आधी सुरू केल्या असत्या. त्यातून फार काही मिळत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, यातून संध्याकाळचे दीड-दोन तास उरतात. पण बाबांचा डोळा वेळेवर झाला असता."

अण्णाच्या शंकेचे उत्तर त्याने थोडक्यात दिले. ज्यांच्या बापाने सगळे रोख भरले तेही नको त्या तपासण्या लिहून देतात, आणि सरकारी जागेवरच्या मुलाच्या डोक्यावरही आकडा असतोच. पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा केली नाही तर एमबीबीएसला दहा लाख आणि पदव्युत्तरला पन्नास लाख भरावे लागतात, हे प्रवेशाच्या दिवशीच लिहून घेतले जाते. "सरकार आकडा सांगते तेव्हा आमचा अभ्यास बिघडत नाही, मग बापाने सांगितल्यावर कसा बिघडेल?"

यावर मास्तरांनी हार मानली असे मी म्हणणार नाही. सरकारचा आकडा कागदावर असतो आणि बापाचा तोंडात, आणि तोंडातला आकडा भांडणाच्या वेळी बाहेर येतो, असे ते म्हणाले, आणि ते चूक नव्हते. "तुझ्यासाठी घर गहाण टाकले" हे वाक्य मी स्वतः आमच्या मजल्यावर दोन घरांतून ऐकले आहे. पण मला वाटते, मास्तरांच्या या हरकतीतच तिचे उत्तर आहे. आकडा आधी शांतपणे मांडलेला असेल तर भांडणात तो नव्याने फेकता येत नाही. लपवलेल्या आकड्याचेच हत्यार होते. शिवाय, १९ वर्षांच्या ज्या मुलाला उद्या कोणाच्या तरी वडिलांना कर्करोग झाल्याचे तोंडावर सांगायचे आहे, त्याला स्वतःच्या वडिलांचा हप्ता झेपणार नाही असे धरून चालण्यात मला मायेपेक्षा आपला संकोचच अधिक दिसतो. बाळ्याच्या मुलाला ९२ लाख कळले, तर कदाचित तोच म्हणेल की आणखी एकदा नीट देतो, कदाचित फिजिओथेरपीचा अर्ज काढेल, कदाचित कर्ज काढूनच जाईल. यांतले काहीही बाळ्याला आवडो न आवडो, पण आज बाळ्या ज्या निर्णयाशी एकटा झगडतो आहे तो निर्णय निम्मा मुलाचा आहे, आणि थोडा त्या दहावीतल्या मुलीचाही.

हे सगळे मी तिथे इतक्या नीट शब्दांत बोललो नाही. "सांगून टाक रे त्याला," एवढेच म्हणालो.

पावसाची सर आली तसे सगळे टपरीच्या ताडपत्रीखाली सरकलो. मॅनेजरने कागद बाळ्याला परत दिला. एका बाजूला बाळ्याचे ६५ लाख, दुसऱ्या बाजूला मॅनेजरची खाडाखोड केलेली बेरीज, आणि मध्ये चहाचा गोल डाग. बाळ्याने त्याची चौघडी घातली, खिशात ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली.

"हे तुझे अक्षर त्याला लागणार नाही," तो मॅनेजरला म्हणाला. "उद्या संध्याकाळी घरी ये आणि कोऱ्या कागदावर स्वच्छ लिहून दे. आईही असेल, तिलाही समजावून सांग. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायची मुदत शनिवारपर्यंतच आहे."