‘आजोबांना कुठे होता स्ट्रेस?’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: आपले आजोबा गिरणीत बारा-बारा तास राबले, कधी कुरकुर केली नाही, त्यांना ‘स्ट्रेस’ ठाऊक नव्हता. आजची पिढी नाजूक. कणखरपणा ज्याच्या त्याच्या मनात असतो, म्हणून पहाटे उठा, दहा मिनिटं ध्यान करा. 26 जुलैला मुंबई थांबली नाही, मग तुम्ही का थांबता? समुपदेशन वगैरे सगळे चोचले.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. पण जो माणूस आधीच मेटाकुटीला आलाय, तो हे वाचून स्वतःलाच दोष देतो आणि आणखी गप्प होतो. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘बारा तास राबले, कुरकुर केली नाही’

गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीचा, इतिहास थोडा जरी माहीत असेल तरी हे वाक्य लिहवणार नाही. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी मिळाली. पुढे 1911 च्या कायद्यानं पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये आठवडा 60 तासांचा झाला, 1946 मध्ये 48 तासांचा. मधल्या काळात 1928 चा सहा महिन्यांचा संप होऊन गेला होता.

म्हणजे आज चाळिशीत असलेल्या बऱ्याच जणांचे आजोबा गिरणीत लागले तोवर आठ तासांची पाळी कायद्यात आली होती. ती त्यांना आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळवून दिली होती. भोंगा झाला की पाळी सुटायची, आणि चाळ बहुतेकांना चालत गाठता यायची. त्याच लोअर परळमध्ये, गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत आज काम करणारी मुलगी बदलापूरहून येते. लोकलमध्ये चेंगरून येण्याजाण्यातच तिचे तीन तास जातात. घरी पोचल्यावर फोन वाजतो, आणि तिच्या दिवसाचा शेवट सांगणारा भोंगा कुठेच होत नाही. नाजूक कोण, हे ठरवण्याआधी दोघांचे तास तरी मोजा.

‘त्यांना ताण नव्हता’

होता. सुताची धूळ छातीत जायची, साच्यांच्या (मागांच्या) आवाजानं कान जायचे, गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या ‘बदली’ कामगाराला आज काम मिळेल की नाही हे गिरणीच्या दारात उभं राहिल्यावर कळायचं. तरी ती माणसं टिकली, कारण ती एकटी नव्हती. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून आलेले गडी गावकीच्या गाळ्यात एकत्र राहायचे. आजारी पडला तर शेजारच्या पथारीवरचा उठून बघायचा. खाणावळीतल्या बाईला कोण किती भाकऱ्या खातो ते ठाऊक असायचं, त्यामुळे कोण जेवत नाहीये तेही तिच्या लक्षात यायचं. (या खाणावळवाल्या बायकाही नुसत्या सोसत बसल्या नाहीत. प्रेमाताई पुरव यांच्यासोबत त्यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) भजनी मंडळ, तालीम, युनियनची शाखा, सगळं हाकेच्या अंतरावर. आजोबांचा कणखरपणा खरा होता आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तो एवढ्या माणसांनी मिळून धरलेला होता.

‘कणखरपणा मनात असतो’

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामानं पार थकून रिकामं होण्याची, व्याख्या करताना कारण म्हणून कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाकडे बोट दाखवलं, मनाच्या कमकुवतपणाकडे नाही. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास सांगतो की आपल्या कामावर ज्यांचं नियंत्रण कमी, त्यांना हृदयविकार जास्त. आणि 2021 मध्ये याच आरोग्य संघटनेनं व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून दाखवून दिलं, की आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. रक्तवाहिनीला सकारात्मक विचार समजत नाहीत.

‘दहा मिनिटं ध्यान करा’

जरूर करा, ज्याला बरं वाटतं त्यानं सोडू नये. पण कंपनीनं ध्यानाचं ॲप दिलं की तिचं काम संपलं, असं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2024 मध्ये निष्कर्ष मांडले. ध्यान, कणखरपणाचं प्रशिक्षण, ॲप असे उपक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात फारसा फरक दिसला नाही. एका वेळच्या पाहणीवरचा हा निष्कर्ष आहे, शेवटचा शब्द नव्हे. तरीही कामाचा बोजा तसाच ठेवून कर्मचाऱ्याला श्वास मोजायला शिकवणाऱ्यांनी तो वाचावा.

‘26 जुलैला मुंबई थांबली नाही’

2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबई थांबली. गाड्या बंद पडल्या, शेकडो जीव गेले. माणसं तरली ती अनोळखी लोकांनी दारं उघडली, चहा-बिस्किटं दिली, दोर धरून रस्ता पार करून दिला म्हणून. दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्यांत कित्येकांचा रोज बुडत होता. त्यांच्या नाइलाजाला ‘स्पिरिट’ म्हणून मिरवणं मला पटत नाही.

‘समुपदेशन म्हणजे चोचले’

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा हक्क मानलाय, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं सांगितलंय. 14416 हा सरकारी ‘टेलि-मानस’चा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. फॉरवर्डऐवजी हा नंबर ग्रुपवर टाका.

आणि हा मेसेज आपल्या टीमला पाठवणाऱ्या मॅनेजरांना एक विनंती. रात्री सुचलेलं काम सकाळी कळवा. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग ठेवू नका. लांबून येणाऱ्याला गर्दीची गाडी टाळता येईल अशी वेळ द्या. दोघांचं काम एकावर पडलं असेल तर दुसरा माणूस मागून घ्या, आणि मिळेपर्यंत कोणतं काम थांबवायचं ते तुम्ही ठरवा, त्याच्यावर सोडू नका.