इंजिन बंद, पीयूसी पास

आत्ता घरी आले आणि हातपाय धुवायच्या आधी हे टाइप करतेय, कारण डोकं सणकलंय.

स्कूटरची पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, संपत आली होती म्हणून पुण्यात कर्वे रोडजवळ धूर तपासणीच्या एका व्हॅनपाशी थांबले. माझ्या पुढे भाजीचे क्रेट भरलेला जुना डिझेल टेम्पो. व्हॅनवाल्या पोराने मोबाईलवर नंबर प्लेटचा फोटो काढला, आत जाऊन दोन-चार बटणं दाबली, प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर. पास. टेम्पोचं इंजिन बंद होतं हो! धूर तपासायची नळी व्हॅनच्या दाराला खिळ्यावर लटकत होती, तिच्यावर धूळ बसलेली, हात कोणी लावलाच नाही. मग टेम्पोवाल्याने स्टार्टर मारला आणि जो काळाकुट्ट लोट आला तो फुटपाथवर शेंगा विकत बसलेल्या मावशींच्या थेट तोंडावर. त्यांनी पदर नाकाला लावला, शेंगांवर पेपर झाकला आणि परत माप भरायला लागल्या. रोजचंच असणार त्यांना.

मी त्या पोराला म्हटलं, अरे नळी तरी घाल. तर म्हणे, "मॅडम, सगळ्यांचं असंच होतं, तुमचंही लगेच करून देतो." नको मला लगेच! मी तिथेच उभी राहिले, नळी घालायला लावली, मगच पैसे दिले.

डिझेल गाडीची तपासणी काय असते? इंजिन गरम करायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धूर किती काळा आहे ते मशीनने मोजायचं. एवढंच. आणि ही तपासणी अगदी नीट केली तरी पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाऊन बसणारे ते बारीक कण, त्यात मोजलेच जात नाहीत. पीयूसी नसेल तर दंड मात्र १० हजारापर्यंत, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून. त्यामुळे लोक कागद विकत घेतात, विकणारे विकतात आणि सरकारदरबारी पुण्यातली प्रत्येक गाडी स्वच्छ!

इंधन सुधारलं, हे मान्य. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले, पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आलं, नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर बसले. छान झालं, कोण नाही म्हणतंय. पण त्या टेम्पोचं काय? चांगलं डिझेल घातलं म्हणून म्हातारं इंजिन तरुण होत नाही. आणि या शहरात गाड्याच गाड्या झाल्यात, सिग्नलला हजार गाड्या थोड्या थोड्या स्वच्छ असल्या तरी श्वास कुठे घ्यायचा?

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की ईव्ही घ्या. घ्या की! धूर नाही, आवाज नाही, चांगलंच आहे. पण टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ तिचीही असते, आणि एक माणूस एक कार हे गणित तेच राहतं, नळ स्टॉपच्या चौकात अडकायचं तेही तेच.

मला बस हवी आहे. भरपूर बस. दिल्लीत १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या बस सीएनजीवर न्यायला सांगितल्या, केवढी बोंबाबोंब झाली होती, पण २००२ संपेपर्यंत झाल्या ना? आपल्याकडे तर ते भांडणही उरलेलं नाही, पीएमपीत, म्हणजे आपल्या सिटी बससेवेत, सीएनजी बस आहेत, २०१९ पासून इलेक्ट्रिक आहेत. स्वच्छ इंधनाच्या बस दारात उभ्या आहेत, फक्त पुरेशा नाहीत. आणि आपण काय केलं? २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, आणली कात्रज-स्वारगेट-हडपसरला, आणि नगर रोडवरची तर उखडून टाकली. जून २०२५ मध्ये पीएमपीचं कमीत कमी तिकीट ५ रुपयांचं १० झालं. ज्या मावशी धूर खातात त्यांच्याच तिकिटाचे पैसे दुप्पट! याचा मला त्या टेम्पोच्या धुरापेक्षा जास्त राग येतो. हो, डेपो चालवायला पैसा लागतो, कळतं मला. तो एका उड्डाणपुलाच्या खर्चातून काढा.

टेम्पोवाल्यावर मात्र माझा राग नाही, खरंच नाही. निघताना त्यांना विचारलं, काका, इंजिनाचं काम का नाही करून घेत? म्हणाले, "ताई, गाडी गॅरेजला लावली तर धंदा बंद, हप्ता कोण भरणार?" मला काही बोलता आलं नाही. अशा माणसाला खोटा कागद देण्यापेक्षा इंजिनाच्या कामाला मदत द्या, जुनी गाडी मोडीत काढून सीएनजीची घ्यायला सोपं कर्ज द्या. त्यांना टेम्पोशिवाय पर्याय नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना आहे.

मेट्रो वनाजपासून रामवाडीपर्यंत जाते, स्वारगेटलाही पोचली. पण स्टेशनपासून घर दीड-दोन किलोमीटर असलं की माणूस स्कूटरच काढतो, आणि एकदा काढली की थेट ऑफिसलाच नेतो. म्हणून मला आधी घर ते स्टेशन सोडणाऱ्या फीडर बस हव्यात, छोट्या, दर दहा मिनिटाला, रात्री दहानंतरसुद्धा.

तुमच्या घरापासून कुठल्या स्टेशनला फीडर हवी आणि साधारण किती वाजता, ते खाली लिहा. रविवारी सगळं एकत्र करून पीएमपीला आणि महापालिकेला पत्र देणार आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी मेसेज करा.