खुलासा : स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नका

‘चेहरा गोल झाला, पोट सुटलं म्हणजे कॉर्टिसॉल वाढलंय. स्टेरॉइड आजच बंद करा, सात दिवस सोलांचं (कोकमाचं) पाणी प्या.’ हा मेसेज गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतोय. चवथीच्या आधी मीही तो आमच्या भजनी मंडळाच्या गटावर टाकला. औषधांच्या दुकानात इतकी वर्षं बसूनही न तपासता टाकला, ही माझी चूक.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. कॉर्टिसॉल हे शरीर स्वतः बनवतं ते संप्रेरक (हार्मोन); स्टेरॉइडच्या गोळ्या त्याच्यासारखंच काम करतात. शरीरात यांचं प्रमाण फार काळ जास्त राहिलं की कुशिंग सिंड्रोम हा आजार होतो. त्यात चेहरा गोल होतो, हातपाय बारीक होऊन पोट वाढतं, पोटावर जांभळे रुंद पट्टे उठतात, रक्तदाब आणि साखर चढते. सर्वांत जास्त आढळणारं कारणही स्टेरॉइडच, दीर्घकाळ घेतलेलं. क्वचित मेंदूखालच्या पिट्युटरी किंवा मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथीतली गाठ असते.

पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात. गोळी एकदम तोडली तर शरीरात पुरेसं कॉर्टिसॉल उरत नाही. रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्यांनो, डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

नुसत्या चेहऱ्यावरून निदान होत नाही. चोवीस तासांची लघवी, रात्री उशिराची लाळ किंवा रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) देऊन सकाळी काढलेलं रक्त घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल तपासावं लागतं. सोलांच्या पाण्याने हा आजार बरा होत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना आजच फोन करा. कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या.