पटाची जोडी आणि पोर्शे: ‘पैसा गाडीत लावा’ या व्हिडिओला उत्तर

माझ्या पुतण्याने समृद्धी महामार्गाच्या शेलूबाजार इंटरचेंजजवळची (जि. वाशिम) जमीन विकली. पैसे खात्यात पडले न पडले तोच त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. तो मित्रांच्या ग्रुपवर गेला, तिथून आमच्या भावकीच्या ग्रुपवर, आणि आता तालुक्यात ज्याच्या ज्याच्या हाती जमिनीचा पैसा आहे त्याच्याकडे तो फिरतो आहे. व्हिडिओतला माणूस सांगतो की दुर्मिळ इम्पोर्टेड स्पोर्ट्स कारचा भाव कधीच पडत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवलेल्या गाडीला तर उलट जास्त किंमत येते. काही झालंच तर इन्शुरन्स आहे, ट्रॅक लांब असेल तर ‘आपला समृद्धी’ आहे, आणि विकल्यावर टॅक्स शून्य. शेतीपेक्षा आणि एफडीपेक्षा ही गुंतवणूक बरी, असं तो छातीठोकपणे म्हणतो.

पुतण्या आणि त्याचे मित्र मिळून पुण्यातल्या एका दलालाकडून सेकंडहँड पोर्शे घ्यायला निघाले आहेत. टोकन द्यायचं तेवढं बाकी आहे. मी विरोध केला तेव्हा तो म्हणाला, “काका, पटाच्या जोडीले भाव येते का नाही? जितकी पळाली तितकी महाग. तशीच ही गाडी.”

तेव्हा आधी पटाचंच, म्हणजे बैलांच्या शर्यतीचंच घेऊ. तळेगाव दशासरच्या शंकरपटात नंबर मारलेल्या जोडीला लाखांत मागणी येते, हे खरं. पण तो भाव पळण्याचा नसतो, जिंकण्याचा असतो. घेणारा येतो तेव्हा तो खूर उचलून बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चालवून बघतो. नुसती पळून पळून दुखावलेली जोडी बाजारात कोणी विचारत नाही. गाडीचंही तेच आहे. व्हिडिओत दाखवलेली लाल फेरारी म्हणजे २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात तशा फक्त ३६ गाड्या बनल्या. त्यातली एक ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ३४० कोटी रुपये. ती गाडी शर्यतीत पळालेली होती, हे मी मान्य करतो. पण तिने १९६२ ची इटलीतली जीटी अजिंक्यपद स्पर्धा जिंकलेली होती आणि कुठे कोणी चालवली याच्या नोंदी होत्या. तू सुट्टीच्या दिवशी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जाऊन दहा चकरा मारशील, त्याची नोंद कोणत्या इतिहासात होणार? त्याला झीज म्हणतात, आणि झिजेचे पैसे कापले जातात.

त्याच व्हिडिओतली दुसरी गाडी मॅक्लारेन एफ-वन. एकूण १०६ बनल्या. २०२१ मध्ये एक गाडी २ कोटी डॉलरच्या वर गेली. व्हिडिओवाल्याने एवढंच सांगितलं. ती गाडी इतक्या वर्षांत ४०० किलोमीटरसुद्धा चाललेली नव्हती, हे त्याने सांगितलं नाही. म्हणजे त्याचा स्वतःचाच पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. तो भाव न चालवल्याचा आहे.

आणि ‘ट्रॅकवर नेली हे कोणाला कळणार’, असं जे पुतण्याचे मित्र म्हणतात, त्यांनी हे नीट वाचावं. पोर्शेच्या इंजिनाचा कॉम्प्युटर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याचा हिशोब ठेवतो. त्याला ओव्हर-रेव्ह रिपोर्ट म्हणतात. इंजिन मर्यादेच्या किती वर गेलं त्याप्रमाणे नोंदी सहा रेंजमध्ये होतात आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही दिसतं. खालच्या रेंजमधल्या नोंदी जोरात चालवणाऱ्या कोणाच्याही गाडीत सापडतात, त्याचं कोणी फार मनावर घेत नाही. वरच्या रेंजची गोष्ट वेगळी. चौथ्या गियरमधून पाचवा टाकायचा होता आणि घाईत हात तिसऱ्यावर गेला, की चाकं इंजिनाला ओढून नेतात. इंजिनाला मर्यादेत ठेवणारा लिमिटर फक्त पेट्रोल तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. इंजिन क्षणभर त्याच्या ताकदीपलीकडे फिरतं, व्हॉल्व्हला मार बसतो आणि नोंद कायमची राहते. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा हाच रिपोर्ट मागतं आणि वरच्या रेंजमध्ये आकडा दिसला की तिथूनच परत फिरतं. मग येतात सिरॅमिक ब्रेक. ट्रॅकवरच्या उष्णतेने डिस्कमधले कार्बनचे धागे जळतात आणि नवा सेट लाखांत जातो. पुढच्या बंपरवरचे खडीचे व्रण, बाहेरच्या कडेने खाल्लेले टायर, हे तर उभ्या उभ्या दिसतं.

पण माझा खरा संताप आहे तो इन्शुरन्सच्या आणि समृद्धीच्या मुद्द्यावर. कारण इथे पैसाच नाही, जीवही जाऊ शकतो.

‘इन्शुरन्स सगळं भरून देतो’ हे सरळ खोटं आहे. ते तपासायला पोर्शेची पॉलिसी लागत नाही. घरातल्या स्प्लेंडरची पॉलिसी काढा. ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’, म्हणजे वापराच्या मर्यादा, असं शीर्षक असतं. त्याखाली गाडी कशासाठी वापरली तर विमा लागू नाही त्याची यादी असते: भाड्याने देणं, मालवाहतूक, आयोजित शर्यत, पेस मेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याची चाचणी). इंडियन मोटर टॅरिफ या वाहन विम्याच्या नियमावलीतून आलेली ही भाषा आहे आणि ती मोटारसायकललाही आहे, चारचाकीलाही. मोटार वाहन कायद्यातसुद्धा शर्यत आणि वेगचाचणी हे कारण दाखवून विमा कंपनीला जबाबदारी नाकारता येते. ट्रॅकवर भिंतीला घासली तर खर्च तुमचा. आणि समृद्धीवर ‘टॉप स्पीड बघू’ म्हणून मोबाइलवर शूटिंग करत पळवली, तर तुम्हीच कंपनीच्या हातात पुरावा दिला.

त्याच टॅरिफमध्ये गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, कशी धरायची तेही दिलेलं आहे. कंपनीची यादीतली किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा कापायचा: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तुम्ही दलालाला वाढीव भाव देऊन गाडी घेतली असेल, तर तो वाढीव भाव आपोआप यात धरला जात नाही. गाडी पूर्ण गेली तर हातात येते ती आयडीव्ही. ज्या वस्तूचा भाव ‘फक्त वर जातो’ म्हणतात, तिचा विमा घसाऱ्यावर चालतो, ही गोष्ट व्हिडिओवाल्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

आता समृद्धी. तो ट्रॅक नाही. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेग आजमावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. दंडाची रक्कम ऐकून पोरं हसतात. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस पेटून २५ माणसं गेली, ती बस काही शर्यतीत नव्हती. साध्या प्रवासात एवढं होतं. जाळी असली तरी रोही (नीलगाय) आडवं येतं, डुक्कर येतं. कडेला ट्रक उभा असतो. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी खडी असते, झेंडा घेऊन माणूस उभा असतो, रुग्णवाहिका तयार असते. इथे यातलं काहीच नाही. ज्याने व्हिडिओत हे वाक्य टाकलं त्याने ते आधी काढावं.

खरे ट्रॅक कुठे आहेत? ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं करी. वाशिम जिल्ह्यातून यातलं कोणतंही धरा, हजार किलोमीटरच्या आसपास किंवा पुढेच. जमिनीपासून चार बोटं वर असलेली गाडी तेवढं अंतर चालवत नेत नाहीत, ट्रकवर चढवून नेतात. ते भाडं कोणत्या नफ्यात धरलं आहे?

‘दुर्मिळ म्हणजे भाव वर’, यात अर्धं सत्य आहे, तेवढं कबूल करावं लागेल. १९७३ ची पोर्शे कॅरेरा आरएस २.७ पाचशेच बनवायची होती, १,५८० बनल्या, तरी तिचा भाव आज कुठच्या कुठे आहे. भारतात तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयातच करता येत नाही, त्यामुळे इथे कायदेशीर आलेल्या चांगल्या गाड्या मोजक्याच. पण दुर्मिळांचेही भाव पडले आहेत. २०१६ ची पोर्शे ९११ आर फक्त ९९१ गाड्यांची. लोकांनी दुपटीपेक्षा जास्त मोजून घेतल्या. पुढच्याच वर्षी कंपनीने तशीच हाताच्या गियरची जीटी-थ्री टूरिंग आणली आणि ९११ आरचा भाव घसरला. जॅग्वार एक्सजे-२२० साठी लोकांनी ५० हजार पौंड आगाऊ भरले होते. मंदी आली तेव्हा तेच लोक सौद्यातून सुटायला कोर्टात गेले. फेरारीने एफ-फोर्टी गाड्या चारशेच करू म्हणून १,३०० च्या वर केल्या आणि १९९० नंतर सट्टेवाल्यांचे हात पोळले. या साऱ्या मोठ्या बाजारातल्या गोष्टी. आपल्याकडे अशी गाडी विकायला काढली तर अकोला-अमरावतीत गिऱ्हाईक मिळेल का? पुन्हा पुण्या-मुंबईच्या त्याच दलालाकडे जावं लागेल, आणि तो घेताना वेगळा भाव सांगेल. महाराष्ट्रात आयात गाडी पास करताना, म्हणजे आरटीओत नोंदवताना, २० टक्के रस्ता कर बसतो. पुद्दुचेरी पासिंगची स्वस्त गाडी सुचवत असतील, तर बारा महिन्यांपुढे इथे ठेवायची असेल तेव्हा ती इथे पास करून घ्यावी लागते आणि तो कर तेव्हा भरावाच लागतो.

टॅक्सचा मुद्दा बरोबर आहे. स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून विकून फायदा झाला तर भांडवली नफ्यावर कर नाही. मात्र तोटा झाला तर तोही कुठे वळता करता येत नाही. आणि विकून नफा कमवायलाच घेतली असं दिसलं, तर तो धंदा धरला जाऊ शकतो.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं आहे. टोकन देण्याआधी दलालाकडून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट माग, आयातीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा कागद माग, आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते आरसीवर बघ. गाडी लिफ्टवर चढवून तुझ्या माणसाकडून तपासू दे म्हण. यातल्या एकाला जरी ‘नंतर बघू’ म्हणाला, तर जमिनीच्या पैशातला एक रुपया त्याच्या खात्यात टाकू नकोस.