डोंगर तुमचा, लोडर भाड्याचा, उतार ऑपरेटरचा

मुळशीकडे डोंगरउतारावर अकरा गुंठे घेतलेत आणि घेताना फक्त व्ह्यू बघितलात, याबद्दल आधी अभिनंदन. समोर सूर्यास्त, खाली धरणाचं पाणी, आणि प्लॉट असा की उभं राहायचं तर एक गुडघा कायम वाकवावा लागतो. तर आता तो सपाट करायचा. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला परवानगी नाही, असं नियमावली म्हणते. म्हणू दे. आपण तो उतार शिल्लक ठेवणारच नाही आहोत. मोठं पोकलेन वर न्यायला रस्ता नाही, तेव्हा रबरी चेनचा छोटा लोडर तासाच्या बोलीवर बोलवा.

उतार किती, हे मोजत बसू नका. मोजलाच तर मशीनच्या पुस्तिकेतले टक्के अंश समजून वाचा. ४५ टक्के उतार म्हणजे जेमतेम २४ अंश आणि ४५ अंश म्हणजे थेट १०० टक्के, असली गणितं दहावीनंतर कुणी करत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. जाणता ऑपरेटर रिकामी बकेट घेऊन उतार चढताना मशीन उलटं, रिव्हर्समध्ये वर नेतो. बघायला फार विचित्र दिसतं. इंजिन मागे, म्हणून बकेट रिकामी असताना मागची बाजू जड. आणि जड बाजू कायम चढाकडे ठेवायची, एवढंच त्याचं शास्त्र. बकेट भरली की वजन पुढे येतं, मग तो तोंड वर करून चढतो आणि भरली बकेट घेऊन उतरायची वेळ आली तर पुन्हा रिव्हर्सनेच खाली येतो. बकेटही जमिनीपासून वीतभरच वर. इथे तुम्ही मध्ये पडलंच पाहिजे. मीटर चालू आहे आणि हा माणूस मागे बघत मुंगीच्या पावलाने चाललाय! जोरात ओरडा, “अरे, तिथंच वळव ना, आडवं घे!”

तो म्हणेल, “साहेब, आडवं नाही जमायचं.”

तुम्ही म्हणा, “मागच्या वेळचा पोरगा करायचा.” मागच्या वेळी कुणीच नव्हतं, पण हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही कारागिरावर चालतं.

जागच्या जागी गरकन वळवायला लावलंत की मुरूम आणि खडे चेनच्या आत, रोलरपाशी घुसतात, आणि चेन जरा सैल असली तर उतरते. मग ग्रीस सोडून ताण ढिला करा, मशीन उचला, पहार घालून चेन परत बसवा. हे सगळं त्याच उतारावर, हेल्परने मशीनच्या खालच्या अंगाला बसून. या वेळेचे पैसे द्यायचे नाहीत, हे मात्र आधीच ठरवून घ्या. वाद नको.

बकेट शिगोशीग भरायला सांगा. चेनवाल्या लोडरची ठरवून दिलेली क्षमता त्याला पालथं करणाऱ्या वजनाच्या ३५ टक्केच धरलेली असते. चाकवाल्याची ५० टक्के. म्हणजे कंपनीने ६५ टक्के खास तुमच्यासाठी राखून ठेवलेत. ते वजन सपाट, टणक जमिनीवर काढलेलं असतं, हा तपशील कंपनीच्या लोकांसाठी. शिवाय रुंद चेनमुळे हे मशीन चिखलात रुतत नाही. जे रुतत नाही ते पलटीही होत नाही, हे ओघानं आलंच. ओलं गवत किंवा कातळावर पसरलेला सुटा मुरूम यांवरून रबरी चेन घसरते म्हणे, म्हणून काम शक्यतो मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर काढा. धूळ उडत नाही.

सीट बेल्टचं काय? तो सीटच्या मागे अडकवलेला असतो, तिथेच बरा. मांडीवर येणारी आडवी दांडी खाली घेतल्याशिवाय लोडरचे हात हलत नाहीत. त्यावर वायर जोडून देणारा मेकॅनिक कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतला असतोच. आणि “पलटी खाल्लीच तर उडी मार,” हा सल्ला ऑपरेटरला आवर्जून द्या. केबिनची पोलादी चौकट बेल्ट लावून आत बसलेल्या माणसाला वाचवायला केलेली आहे. उडी मारणाऱ्याच्या अंगावर तीच येते. पण सल्ला द्यायला तुमचं काय जातं? लिंबू-मिरची तेवढी ताजी बांधा.

स्वतः कुठे उभं राहायचं, हाही प्रश्न असतो. व्हिडिओ खालून चांगला येतो, मशीन आभाळात चढल्यासारखं दिसतं. घरच्यांनाही तिथेच उभं करा.

डोंगराची कटिंग उभी घ्या, जागा जास्त मिळते. वरची दरड श्रावणात आपल्या पायांनी खाली येते, तिला वेगळा तास लागत नाही.

आणि काही झालंच तर घाबरू नका. लोडर भाड्याचा, ऑपरेटर कॉन्ट्रॅक्टरचा, कॉन्ट्रॅक्टर फोन बंद करून बसलेला. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला “चालकाचं नियंत्रण सुटलं,” एवढंच सांगा. छापून तेच येतं. “तिथंच वळव” कोण म्हणालं, हे कुणी विचारत नाही. चहा मात्र सगळ्यांना पाजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन ऑपरेटर बोलवा. हा जरा कमी बोलणारा बघा.