कबीरचं खोडरबर

आज दुपारी बातमी आली की कोरोनामुळे बंद असलेल्या पुण्यातल्या शाळा १ फेब्रुवारी २०२२पासून उघडणार. पहिली ते आठवी चारच तास, आणि पालकांची संमती हवी. स्वयंपाकघरात एकटीच हसले मी. मग आमच्या दुसरीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला आणि डोकं फिरलं.

टीचरनी संमतीपत्र टाकलं होतं. त्याखाली पहिलाच मेसेज, ‘ज्यांना स्वतःची मुलं जड झाली आहेत त्यांनी खुशाल पाठवावीत. आम्ही आमच्या मुलाच्या जिवाशी खेळणार नाही.’ आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. एकीने तर हात जोडले.

जड झाली आहेत! म्हणजे आपले आईबाप आपल्याला रोज दप्तर पाठीवर चढवून हाकलायचे ते आपण जड झालो म्हणून? दुपारपासून दहा वेळा उत्तर टाइप केलं आणि दहा वेळा पुसलं. ग्रुपवर भांडायचं नाही असं नवऱ्याला वचन दिलंय. फेसबुकबद्दल तो काही बोललेला नाही.

तर ऐका. आमच्या चिरंजीवांनी अख्खी पहिली डायनिंग टेबलावर काढली. जून २०२०पासून. एकीकडे माझा ऑफिसचा कॉल, दुसरीकडे त्याचा वर्ग, मध्ये वरणाचा कुकर. परीक्षेत त्याला वीसपैकी साडेएकोणीस मिळाले. खरं सांगायचं तर ते मला मिळाले. अर्धा मार्क कुठे गेला याचा मी दोन दिवस विचार करत होते, यावरून काय ते समजा.

मग गेल्या १६ डिसेंबरला लहान वर्ग उघडले. आमच्या शाळेने मुलं एकाआड एक दिवस बोलावली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कुलूप लागलं. मध्ये नाताळची सुट्टी. मोजून सात दिवस गेला माझा मुलगा शाळेत.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी मनगटावर पेन्सिलीच्या टोकाचा काळा ठिपका घेऊन आला.

‘कबीरने टोचली.’

‘का?’

‘मी त्याचं खोडरबर घेतलं.’

‘तू का घेतलंस?’

‘त्याने माझ्या चित्रावर रेघ मारली.’

कबीर दिसतो कसा विचारलं, तर म्हणाला, डोळे मोठे आहेत, बाकी माहीत नाही. मास्क ना. एका बाकावर एकच मूल, म्हणजे मागच्या बाकावरून वाकून टोचली असणार. मी डेटॉल लावत होते आणि तो सांगत होता, ‘तो खूप वाईट मुलगा आहे. टीचरना सांगून मी त्याच्याच बाजूला बसणार आहे.’

मी बाथरूममध्ये जाऊन रडले हो. आनंदाने. माझा मुलगा भांडून आला होता! पावणेदोन वर्षं ज्याला भांडायला आईबाप आणि आजी सोडून कुणी नव्हतं, आणि आम्ही तिघं मुद्दाम हरायचो, त्याला शेवटी बरोबरीचं कुणीतरी भेटलं होतं. ही गोष्ट कुठल्या मीटवर शिकवणार आहात? टीचर ‘म्यूट करा’ म्हणाल्या की भांडण संपतं तिथे.

ते खोडरबर अजून आमच्याकडे आहे. हिरवं, एका कोपऱ्यावर चावलेलं. परत द्यायच्या आधीच शाळा बंद झाली. कंपासात ठेवलंय आणि वापरायचं नाही असा त्याचाच नियम आहे.

आता जिवाशी खेळण्याबद्दल. याच राज्यात बार ५ ऑक्टोबर २०२०ला उघडले. थिएटरं गेल्या २२ ऑक्टोबरला. देवळं त्याच्याही आधी, घटस्थापनेला. दिवाळीत तुळशीबागेत मुंगी शिरायला जागा नव्हती, मी स्वतः होते तिथे, आकाशकंदील घेत. आणि पुण्यातली पहिलीतली मुलं कधी? १६ डिसेंबर २०२१. म्हणजे बिअरचा नंबर आधी, बाराखडीचा चौदा महिन्यांनी. जानेवारीत आकडे वाढले तेव्हा सगळ्यात आधी काय बंद केलं? बरोबर. पोरं मोर्चा काढत नाहीत, मतदान करत नाहीत, त्यांची असोसिएशन नाही. करा बंद.

आणि ज्या बाईंनी तो मेसेज टाकला त्यांच्या स्टेटसवर मागच्या रविवारचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंधरावीस बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, एकीच्याही तोंडावर मास्क नाही. वाण काय लुटलं असेल? सॅनिटायझरच्या बाटल्या. आई शप्पथ.

(त्या माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत. लिहायला बसण्याआधी बघून घेतलं.)

हो, लहानांना अजून लस नाही. पंधराच्या वरच्यांनाच सुरू झालीय, तीही याच महिन्यात. शहरात रोज हजारोंनी पॉझिटिव्ह निघतायत. मान्य. सगळं मान्य.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत आहे. पालिकेची शाळा. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर सकाळी रिक्षात बसून जातो आणि रात्री नऊला परत येतो. टीव्हीवर सह्याद्रीचे कार्यक्रम लागायचे तेव्हा थोडे दिवस बघायची. आता आईबरोबर आमच्या सोसायटीत दोन घरची भांडी घासते. मावशी म्हणतात, घरी बसून तरी काय करंल. त्या मुलीला मी परवा विचारलं, अपूर्णांक आठवतात का गं? ती हसली नुसती. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणे. चार भिंती, वायफाय, नोकरीवाली आई असलेल्या घरात बसून शाळा बंदच राहू दे म्हणणं फार सोपं आहे. माझ्यासाठीही सोपं होतं, वर्षभर मीही तेच म्हणत होते.

बरं, एक गोष्ट मघापासून सांगायची टाळतेय. तो मेसेज टाकणारी कबीरची आई आहे.

नंबर सेव्ह नव्हता. हळदीकुंकवाचे फोटो बघायला म्हणून सेव्ह केला (हो, तेवढ्यासाठीच) आणि डीपी मोठा केला तर मांडीवर मोठ्या डोळ्यांचा मुलगा. पोराला दाखवला. ‘हाच कबीर! आई, त्याला नाक असं आहे!’

मग माझा राग जरा वेगळ्या दिशेने चालायला लागला. खरं तर त्या बाईंच्या मतांशी मला काय करायचंय. कबीर येणार नाही, एवढंच मला लागलं. माझा मुलगा मंगळवारी कंपास घेऊन जाईल आणि मागचा बाक रिकामा असेल. त्याला मी काय सांगू, की कबीरच्या आईला तो जड झालेला नाही?

आणि त्या घाबरल्यात तर मी कोण त्यांना हसणारी? गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात काय झालं ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ह्यांचे मोठे भाऊ. दोन दिवस बेडसाठी फोन, मग रेमडेसिव्हिरसाठी, आणि मग फोन करायचं कारण उरलं नाही. तेव्हापासून ह्यांना कुणी नुसतं खोकललं तरी हे ताठ बसतात. कबीरच्या घरात काय झालंय मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. हळदीकुंकवाचं मात्र माफ करणार नाही.

सासूबाई त्र्याहत्तरच्या, शुगर आहे. हे म्हणतात, आईचं काय? रास्त आहे. पण गेल्या आठवड्यात त्यांचा बूस्टर झाला आणि त्या दिवशी रिक्षातच मला म्हणाल्या, ‘माझं नाव पुढे करून त्याला घरात बसवू नका. मला पाप लागेल.’ आत्ता त्याच्या युनिफॉर्मच्या पँटची शिलाई उसवून लांबी सोडतायत. डिसेंबरात बरोबर होती, म्हणे आता आखूड झाली.

संमतीपत्राची प्रिंट काढलीय. आई आणि वडील, दोघांच्या सह्या हव्यात. माझी झाली. हे आतल्या खोलीत आजचे आकडे बघतायत, दर संध्याकाळी बघतात तसे. पेन मी कागदावरच ठेवलंय.

आणि ग्रुपवर नाही, त्यांना वेगळा मेसेज टाकला शेवटी. ‘नमस्कार, कबीरचं खोडरबर आमच्याकडे राहिलंय. मंगळवारी शाळेत पाठवू, की तुमच्याकडे आणून देऊ?’

दोन निळ्या टिका आल्यात. अजून उत्तर नाही.