‘ऑर्डरचे कागद’ म्हणणाऱ्या वाचकांस

सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या सोन्याचांदीच्या वस्तूंच्या रेखाटनांवर मी लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘घरबसल्या गुगलून लिहिलेलं दिसतंय. सोनाराला दिलेल्या ऑर्डरचे हे कागद, त्यांना कलाकृती म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण काय?’ असं आपण लिहिलंत. मतभेद असू द्या हो, पण अनोळखी बाईशी बोलायची ही कुठली रीत?

लेखातले फोटो धूसर आहेत, हे मान्य. बदलते.

आता ते ‘ऑर्डरचे कागद’. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची राणी जेन सीमोर हिच्यासाठी चित्रकार हान्स होल्बाइनने १५३६च्या सुमारास सोन्याच्या पेल्याचं रेखाटन केलं. ते आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. राजाराणीची आद्याक्षरं गाठीत गुंफलेली, राणीचं ब्रीद कोरलेलं, झाकणावर मुकुट. आणि पेला? पुढे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला पैशांची निकड लागली, १६२९मध्ये पेला वितळला. चित्रकार जुलिओ रोमानोने इटलीतल्या मांतुआच्या गोंझागा या सत्ताधारी घराण्यासाठी काढलेल्या चांदीच्या सुरया आणि ताटांची गतही तीच. रेखाटनं पुष्कळ, भांडी जवळजवळ नाहीतच. चांदी आटवली की पैसा होतो, कागद आटवून काय मिळणार?

न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाने १९४२मध्ये घेतलेलं एका मोठ्या शमादानाचं (मेणबत्त्यांच्या उभ्या दिवटीचं) रेखाटन दिव्यांच्या नमुन्यांत निनावी पडून होतं. २००२मध्ये ते मायकेलँजेलोचं म्हणून ओळखलं गेलं. आदल्या दिवशीपर्यंत तोही आपल्या हिशेबाने ऑर्डरचा कागदच!

आणि सोनारकाम मला शिकवू नका. मी सोनाराच्या घरात वाढले. आजोबा वहीत दागिन्याचा अर्धाच नमुना काढून गिऱ्हाइकापुढे सरकवायचे, उरलेला अर्धा त्याने मनात पुरा करायचा. होल्बाइनच्या काळच्या युरोपीय रेखाटनांतही कित्येकदा डावीकडे एक नक्षी, उजवीकडे दुसरी असते, गिऱ्हाइकाला निवडता यावी म्हणून. हे मला गुगलने सांगितलेलं नाही.

राहिले आपले बाकीचे मुद्दे. सोनार रेखाटनावरून नव्हे, मेणाच्या नमुन्यावरून काम करत, असं आपलं म्हणणं. इटालियन सोनार चेल्लिनीने फ्रान्सच्या राजाच्या सोन्याच्या मीठपात्राचा नमुना आधी मेणात केला होता, हे खरं, पण एकटा चेल्लिनी म्हणजे सगळे सोनार नव्हेत. घडवणाऱ्या कारागिरांची नावं लेखात का नाहीत? विषय रेखाटनांचा होता म्हणून. सगळंच एका लेखात हवं असेल तर आपणच लिहा, दुवा पाठवा, वाचेन. टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल.